चुलत घराण्याचा धडा

आई,

तुला एक गंमत सांगायची आहे. पण ती सांगायची तर आधी तुझीच गोष्ट सांगावी लागेल, आणि ती तुला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. तरी ऐक. तू ती ओट्यापाशी उभी राहून पाहिलीस, मी खाटेवर उताणा पडून पाहिली; दोन्हींत थोडा फरक असणारच.

खडकीच्या क्वार्टर्समागच्या चिंचेवरून मी पडलो तेव्हा नववीची सहामाही तोंडावर आली होती. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले, तू नळावर, आणि मी ज्या वेळी शाळेत असायला हवं त्या वेळी शेंड्याजवळच्या फांदीवर. फांदी मोडली की माझा हात सुटला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि तीन महिने हलायचं नाही म्हणून बजावलं. घरी आणल्यावर तू आधी पोटभर रडलीस. मग पदराने नाक पुसलंस आणि म्हणालीस, "माकडाच्या हातून फांदी सुटत नाही रे बाबू. तुझ्या हातून काहून सुटली?"

बाबांनी लगेच हिशेब मिटवला होता. एक वर्ष गेलं तर काय बिघडतं, मी स्वतः आठवीत दोनदा बसलो आहे, असं ते म्हणाले. तू म्हणालीस, "तुमचं गेलं म्हनून त्याचं जावं का?" तुझी नववी भंडाऱ्याकडच्या तुझ्या गावात झाली होती आणि दहावीच्या आधी लग्न होऊन तू खडकीला आलीस. ही गोष्ट तू कधी रडगाणं म्हणून सांगितली नाहीस. त्या दिवशी मात्र ती हुकमाच्या पानासारखी टाकलीस: "नववी माझी झालेली आहे. नववी मी शिकवते. दहावीचं पुढच्या वर्षी बघू."

मग माझी खाट बाहेरच्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात आली. पाय बाहेर, डोकं आत. मला अजूनही ते छत पाठ आहे. सकाळी अंघोळ करून तू देवपूजा करतेस आणि त्याच ओल्या केसांनी, पाटावर बसून, त्या दिवसाचा धडा आधी स्वतः वाचतेस. ओठ हलतात. बोटाला कुंकू तसंच असतं, त्यामुळे वाचून झालेल्या प्रत्येक धड्याच्या कोपऱ्यावर एक लाल अंगठा उमटतो. दुपारी जेवणं झाली की तोच धडा मला शिकवतेस, कधी निवडत, कधी कांडत, कधी पोळ्या लाटत. भूगोलातले वारे तू मला कुकरच्या वाफेवर शिकवलेस. भूमितीत मात्र तू माझ्यापेक्षा सरस होतीस, आणि ते तुला माहीत होतं. प्रमेय सुटलं की लाटणं एकदा पोळपाटावर आपटायचीस, जिंकल्यासारखं.

शास्त्राच्या पुस्तकात मात्र गडबड झाली. अकराव्या धड्यावर लाल अंगठा होता, तेराव्यावर होता, मधला बारावा धडा स्वच्छ. तू अकरावा संपवून सरळ तेरावा काढलास. तू पाण्याला गेल्यावर मी तो बारावा उघडला. उत्क्रांतीचा धडा होता. एका ओळीत उभे राहत गेलेले माकड-माणूस, आणि वर कोपऱ्यात दाढीवाल्या साहेबाचं चित्र. मी दोनदा वाचला, अर्धा समजला, आणि चौदाव्या वर्षी माणसाला जो एक दुष्ट आनंद होतो तो मला झाला. तू आलीस तेव्हा मी म्हणालो, "देव रागावेल म्हणून वगळलास ना? घाबरलीस."

तू पोळ्या लाटायला घेतल्यास. लाटत राहिलीस. तव्यावरची पोळी करपली, हे तुझ्या हातून कधी होत नसे. ती तू बाजूला टाकलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "घाबरले नाही. मला समजला नाही तो धडा. चारदा वाचला. न समजलेलं समजलं म्हनून मी तुला सांगितलं असतं, तर ते पाप झालं असतं." मग, आवाज अजिबात न चढवता: "आणि आईला घाबरट म्हनला तू, ते पन पापच. आता पानी पी आणि भूमिती काढ." आयुष्यात मला पुष्कळ लोक रागावले आहेत, साहेब लोक इंग्रजीतून रागावले आहेत. त्या तुझ्या दोन वाक्यांइतकं आत काही गेलं नाही.

रात्री जेवताना बाबांनी धडा हातात घेतला, चित्र पाहिलं आणि एका मिनिटात निकाल लावला. "यात नवीन काय आहे? आपल्याकडे आधीच लिहून ठेवलंय. पहिला मासा, मग कासव, मग वराह, मग नरसिंह. दशावतार म्हणजे हेच. सांग पोराला आणि हो मोकळी." बाबांचा चेहरा अगदी उजळला होता. क्वार्टर्समध्ये नुकतीच केबल आली होती आणि बाहेरचं सगळं आपल्याकडे आधीच होतं, असं म्हणायची सगळ्यांनाच हौस आली होती. तू त्यांच्या ताटात भात वाढत होतीस. म्हणालीस, "अहो, असं म्हटलं की पुस्तक वाचायला नको आणि देवापुढं बसायला पन नको. दोन्ही स्वस्तात सुटतात. भाजी देऊ का?"

आणि मग तू जे केलंस ते मला तेव्हा फक्त गमतीचं वाटलं. शेजारच्या काकूंची मुलगी सदाशिव पेठेत शास्त्राच्या शिकवणीला जायची. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई घरीच शिकवत. तू एका गुरुवारी, उपासाच्या दिवशी, स्वयंपाकाची घाई नसते म्हणून, खडकीहून लोकलने शिवाजीनगरला गेलीस आणि तिथून चालत त्या बाईंच्या दारात. काय झालं ते तू घरी येऊन साभिनय सांगितलंस. बाईंनी दार अर्धंच उघडलं. "शिकवणी मुलांसाठी आहे. आपण कोणत्या इयत्तेत?" तू म्हणालीस, "नववीत. म्हंजे मुलगा नववीत आहे, पन तो प्लॅस्टरमध्ये आहे म्हनून सध्या मीच जाते." बाईंनी तुला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "या. चपला बाहेर काढा, शंका आत आणा."

सहा गुरुवार गेलीस. बाईंच्या घरात देवघर नव्हतं, याचं तुला पहिल्या दिवशी फार वाईट वाटलं. देवघराच्या जागी कोनाड्यात सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. तिसऱ्या गुरुवारी तू बाबांना सांगत होतीस, "त्याच्यावर पन त्या रोज फडकं फिरवतात, आणि कोनाला खरकट्या हातानं शिवू देत नाहीत." तुझ्या दृष्टीने तो प्रश्न तिथे मिटला. बाईंनी फी विचारू दिली नाही. तू दर वेळी घरचे तांदूळ नेलेस. आणि येताना त्या पेठेतल्या पाट्या वाचत यायचीस. दर आठवड्याला एक नवी पाटी, संगणक शिका, संगणक शिका. तू मला विचारलंस, "हे संगनक म्हंजे काय रे, तुझ्या पुस्तकात आहे का?" नव्हतं.

सहाव्या गुरुवारनंतर तू बारावा धडा घेतलास. पुस्तक मिटून ठेवायला लावलंस. सुपात धान घेऊन माझ्या उशापाशी बसलीस, तुझ्या माहेरून आलेलं, न कांडलेलं. म्हणालीस, "माझे बाबा कापनीच्या आधी एकटेच बांधीत, धानाच्या वाफ्यात, शिरायचे. मजुरांना हात लावू द्यायचे नाहीत. सगळ्यात भरलेल्या लोंब्या, वाऱ्यानं न लोळलेल्या, तेवढ्या हातानं खुडायच्या आणि घरात आढ्याला बांधून ठेवायच्या. पुढच्या वर्षाचं बियानं ते. दरवर्षी असंच. मी लहान होते तेव्हाचं धान आणि लग्न झालं तेव्हाचं धान, दोन्ही वेगळी होती बाबू. कोनी जादू केली नाही. निवडत गेले, बदलत गेलं." मग तू सुपातले दाणे माझ्या छातीवरच्या प्लॅस्टरवर पसरलेस आणि मला निवडायला लावलंस. मी निवडले. मग तू विचारलंस, "शेतात आजोबा निवडतात. रानातल्या गवताला कोन निवडतं?"

मी म्हणालो, "देव."

तू इतकी हसलीस की सूप हललं. "मी पन बाईंना हेच म्हटलं! तर त्या म्हनाल्या, देवाला मध्ये आणू नका, त्यांना इतर कामं असतील." हसू आवरून मग सांगितलंस: ऊन निवडतं, थंडी निवडते, दुष्काळ निवडतो, खाणारं जनावर निवडतं. जे तगलं त्याचं बी पडतं. एवढंच, पण किती वर्षं, तर आपल्या आजोबांच्या आजोबांचे आजोबा म्हणत बसलं तर दिवाळी येईल तरी संपणार नाही इतकी. आणि माकड आपला बाप नाही, हे तू मला तीनदा वदवून घेतलंस, कारण बाईंनी तुझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. "माकडाचा आणि आपला खापरपनजोबा एक. ते चुलत घरानं. भाऊबंद." मी म्हणालो, म्हणून चिंचेवरून भांडणं होतात. तू म्हणालीस, "हो, आणि भाऊबंदकीत हातपाय मोडतात." बाहेरच्या खोलीत बाबा पेपरआड हसत होते.

संध्याकाळी तू दिवा लावलास तेव्हा मी विचारायचं ते विचारलंच. मग देवाने माणूस केला हे खोटं का? तू हात जोडलेले तसेच ठेवून विचार करत राहिलीस, आणि मला वाटलं आता पुन्हा एक गुरुवार लागणार. मग म्हणालीस, "मला जे समजलं ते मी तुला दुपारी शिकवलं. जे समजत नाही त्याच्यापुढं मी संध्याकाळी बसते. दुपारचं संध्याकाळी आणू नये, संध्याकाळचं दुपारी नेऊ नये. इतकंच जमतं मला." आणि लगेच, कारण मोठं बोलून गेल्याची तुला नेहमी लाज वाटायची: "शुभंकरोती म्हन. प्लॅस्टर पायाला आहे, तोंडाला नाही."

मी नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं तेव्हा तू गेलीस. संगणक म्हणजे काय ते तोवर तुला मी दाखवलं होतं. पडद्याला तू लांबून नमस्कार केला होतास. हडपसरला तेव्हा अजून ऊस उभा होता. आता तिथे आमचं घर आहे, सातव्या मजल्यावर, आणि खिडकीतून आयटी पार्कच्या काचा दिसतात. तुझी सून त्यातल्याच एका इमारतीत कामाला जाते. ती इथलीच, हडपसरच्या शेतकऱ्यांची मुलगी. ही बिल्डिंग तिच्या घरच्या जमिनीवर उभी आहे. जिथे आमची लिफ्ट आहे तिथे त्यांची विहीर होती, असं तिची आई सांगते. मी त्यांना मामी म्हणतो. त्या पाचव्या मजल्यावर एकट्या राहतात, मामा गेल्याला चार वर्षं झाली. रोज संध्याकाळी सातव्या मजल्यावर येऊन आमच्या देवघरात दिवा लावायचा, नातीला शुभंकरोती म्हणायला लावायचं आणि जेवून खाली जायचं, हा त्यांचा नेम.

आणि मी घरी असतो, आई. नोकरी सोडली. तुझी नात शाळेच्या बसमध्ये रोज दोन तास ओकत जायची, शाळेत पोचेपर्यंत ती शिकण्याच्या लायकीची उरत नसे. एक दिवस मी आणि तुझ्या सुनेने बसून ठरवलं की आमच्या दोघांतलं एक जण घरी राहील आणि शिकवेल. तिचं काम तिला आवडत होतं, माझं मला आवडत नव्हतं. सोसायटीतले लोक मला अजून विचारतात, सध्या ब्रेकवर का? मी सांगतो, हो, छोट्या सुट्टीत डबा खातो. तुझी नात नऊ वर्षांची आहे, आणि तुझ्यासारखीच, समोरच्याने चूक केली की डोळे बारीक करते.

तीन-चार महिन्यांपूर्वी उत्क्रांती आली. मी पुस्तकाबाहेर पडून सगळं दाखवलं, हाडांची चित्रं, पंखांची चित्रं, माणसाचा हात आणि वटवाघळाचा पंख शेजारी शेजारी ठेवून. ती वेडी झाली आनंदाने. दोन दिवसांनी मामी वर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि आत माणूस नव्हतं, नुसता डबा होता. वांग्याचं भरीत आणि भाकरी. मामींनी डबा लिफ्टमध्ये ठेवून सातचं बटण दाबलं होतं. जेवण बंद करण्याइतका राग नव्हता, तोंड बघण्याइतका लोभ नव्हता. मी रिकामा डबा तसाच पाचचं बटण दाबून खाली पाठवला. असे आठवडाभर आमचे संबंध लिफ्टमार्फत चालले होते.

शेवटी मी खाली गेलो. मामी जावयाला कधी दुखवत नाहीत, त्यांच्यात ते बसत नाही, म्हणून त्यांच्या रागालाही पाट मांडलेला असतो. पाणी दिलं, चहा दिला, मग म्हणाल्या, "जावाईबापू, तुमी शिकल्यालं मानूस. म्या काय बोलनार? पर पोरगी मला माकडाची अवलाद म्हनली. माज्या देवापुढं उभी राहून."

आता इथे मी काय केलं असेल? तुझा मुलगा, ज्याच्या छातीवर तू धान पसरलं होतंस? मी म्हणालो, "मामी, तसं नाही हो. हे सगळं आपल्याकडेच आधी लिहिलंय. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. दशावतार म्हणजे तेच." अगदी बाबांच्या आवाजात. जीभ पुढे धावली आणि मी मागून तिच्याकडे बघत राहिलो. मामींनी शांतपणे ऐकलं. "आसं हाय व्हय," म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्या वर आल्या, दिवा लावला, जेवल्या. तुझ्या सुनेने मला ताटावरून डोळ्यांनी शाबासकी दिली. मला वाटलं, झालं.

झोपायच्या वेळी तुझ्या नातीने डोळे बारीक केले. "बाबा, तू आजीला दशावतार म्हणजे इव्होल्यूशन असं सांगितलंस?" हो म्हणालो. "पण तूच मला सांगितलंस की जिराफ कोणी ठरवून केला नाही. अवतार तर देव ठरवून घेतो ना? मग ते सेम कसं?" मी तिची चादर सारखी करू लागलो. "म्हणजे तू आजीला बंडल मारलीस. आजीला कळणार नाही असं वाटलं तुला?" शेवटचा प्रश्न तिने रागाने नाही, खऱ्या कुतूहलाने विचारला, आणि म्हणूनच तो टाळता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन खाली गेलो. मामी मेथी निवडत होत्या. मी सांगितलं, "मामी, काल मी बोललो ते बरोबर नव्हतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो. दशावतार वेगळे आणि हे वेगळं. मला हे दोन्ही एक करता येत नाही." मामींनी मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, "मला ठावं हुतं."

"म्हणजे?"

"आवं, इतकी वर्सं ऊस लावलाय, बैल पाळल्यात. चांगल्या वळूचं वासरू चांगलं निघतं, रोगट बेनं लावलं की फड जातो, हे मला कुनी पुस्तकातनं सांगाया पायजे व्हय? तुमी इतकं समजावत हुता, म्हनलं जाऊ द्या, जावई हाय."

मी हसावं की खाली बघावं हे न कळून दोन्ही केलं. मग विचारलं, माकडाचं इतकं वाटलं नसेल तर दहा दिवस वर का आला नाहीत? मामी नातीकडे बघत राहिल्या. नात मेथीची पानं उगाच खुडत होती. मग मामीच बोलल्या, आणि आवाज एकदम लहान झाला. "माकडाचं न्हाई काई. ते हसन्यावारी नेलं असतं. त्या दिवशी म्या तिला म्हनलं, दिव्याला हात जोड, आजा बगतोय. तर ही म्हनली, आजी, आजोबा मातीत मिसळले, आता ते बगत न्हाईत, आन कोनच बगत न्हाई. चार वर्सं म्या रोज दिवा लावून त्यास्नी दिवसभराचं सांगत्ये, जावाईबापू."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नातीने नाही, मामींनी नाही. मी हाडं आणि पंख दाखवताना खूश होतो, आणि तिने ते नेमकं न्यायला नको होतं तिथे नेलं. तुझी ती दुपार आणि ती संध्याकाळ, आई. मी तिला दुपार मन लावून शिकवली होती. संध्याकाळ शिकवायची मामींवर सोडली होती, आणि मधला उंबरा तिला कोणी दाखवलाच नव्हता.

मी काही बोलायच्या आत तुझी नात उठली आणि आजीच्या मांडीला मांडी लावून बसली. म्हणाली, "सॉरी आजी. पण मला खरंच माहीत नाही कोणी ऐकतं का."

मामी म्हणाल्या, "मला तरी कुटं ठावं हाय?"

तुझ्या नातीचं तोंड उघडंच राहिलं. तिला वाटत होतं आजीला नक्की माहीत आहे आणि आजी चुकीची आहे. आजीलाही माहीत नाही आणि तरी ती रोज येते, ही गोष्ट तिच्या कोणत्याच धड्यात नव्हती. "मग तू का सांगतेस आजोबांना?" तिने विचारलं. मामी म्हणाल्या, "सांगितलं न्हाई तर माजा दीस संपत न्हाई." मग पदर सावरून, व्यवहाराच्या आवाजात: "हे बग. तुजं माकड चालंल मला. चुलत का हुईना, मानू. पर दिव्यापुढं पाय धुऊन यायचं. आन म्या त्येंच्याशी बोलत आसताना मदी बोलायचं न्हाई. तुला पटत नसलं तर हात जोडू नगं, नुसतं बस."

"डील," तुझी नात म्हणाली. "आणि बैलांचं मला शिकव. वळूचं."

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारचा तास मामींचा असतो. मी बाहेर. बैलाची खोंडं कशी निवडायची, उसाचं बेणं कुठल्या पेराचं घ्यायचं, कोंबड्यांच्या जाती कशा मिसळतात, यावर दोन वह्या भरल्या आहेत, हडपसरच्या बोलीत, कारण तुझी नात आजी बोलते तसंच लिहून घेते. मागच्या आठवड्यात मामींनी तिला विचारलं की वटवाघूळ पाखरात मोडत नाही तर मग त्याला पंख कुठनं आले, आणि दोघी माझ्याकडे उत्तरासाठी आल्या. मला नीट सांगता आलं नाही. मी म्हणालो, उद्या सांगतो, आणि खरंच पुस्तक उघडून बसलो, ओठ हलवत. संध्याकाळी नात पाय धुऊन येते. कधी हात जोडते, कधी नुसती बसते, आणि मामी मामांना बैल-बेण्याच्या तासाचं सगळं सांगतात: आज पोरगी काय बोलली, आज जावाईबापूंना काय आलं न्हाई. मी स्वयंपाकघरातून ऐकतो. माझ्या तक्रारी वरपर्यंत रोजच्या रोज पोचतात.

हे सगळं तुला सांगावंसं वाटलं म्हणून नातीच्या वहीची मागची पानं घेतली. ती फाडून पोस्टात टाकता यायची नाहीत, हे मला कळतं. वही पुढच्या महिन्यात भरेल आणि कपाटात जाईल.

पण वही मिटायच्या आधी एक राहिलं. प्लॅस्टर निघाल्यावर मी नववीच्या वार्षिक परीक्षेला बसलो. उत्क्रांतीवर पाच गुणांचा प्रश्न आला होता. तपासलेला पेपर हातात आल्यावर मी तुला घरी येऊन सांगितलं, पाचापैकी पाच. तू क्वार्टर्सच्या सगळ्या दारांत शिरा वाटलास आणि पुढच्या गुरुवारी खास लोकलने जाऊन बाईंना सांगून आलीस. नंतर कितीतरी वर्षं तू पाहुण्यांना सांगायचीस, पाचापैकी पाच, मी शिकवलेलं. आई, मी पुस्तकातलं उत्तर लिहिलंच नव्हतं. दीड पान भरून तुझ्या बाबांच्या लोंब्या लिहिल्या होत्या, बांधी, आढं, सूप, सगळं. तपासणाऱ्यांनी लाल शाईने मोठी फुली मारली आणि खाली लिहिलं, विषय सोडून. पाचापैकी मला एक मिळाला होता, तोही बहुधा अक्षरासाठी.